आधी हे

बारकीचं वय सेहेचाळीस. तरी घरात ती बारकीच, कारण तिच्या आधी एक भाऊ होता आणि तिच्यानंतर कुणी आलंच नाही. दवाखान्यात मात्र तिला सगळे ताई म्हणत आणि जरा वचकून असत. लशींचा फ्रिज तिच्या ताब्यात होता. दिवसातून दोनदा तापमान बघायचं, वहीत लिहायचं, उगाच कुणी दार उघडलं तर त्याला झाडायचं आणि दर पंधरवड्याला सगळं बाहेर काढून फ्रिज आतून पुसून घ्यायचा, हे काम ती एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून करत आली होती. त्यामुळे वडिलांचा, म्हणजे नानांचा, फ्रिज साफ करायला निघताना तिला विशेष काही वाटलं नव्हतं. पिशवीत तिनं खाण्याचा सोडा घेतला, रबरी हातमोजे, दोन जुने टूथब्रश, फाटक्या चादरीच्या चिंध्या, नाकाला बांधायचा मास्क आणि दवाखान्यातला सुईचा थर्मामीटर. थर्मामीटर कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणायची, दुसरं काय.

खरं तर हे काम तिनं दोन महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. नानांना तेव्हा पहिल्यांदा उलट्या-जुलाबांनी इस्पितळात न्यावं लागलं. परवा दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "यांच्या पोटात जे काही जातंय ते आधी बंद करा. मूत्रपिंडं थकलीत. तिसऱ्यांदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

"नाना, तुम्ही जेवता तरी काय?" तिनं खाटेपाशी बसून विचारलं होतं.

"तुझ्या आईनं ठेवलंय ते."

आईला जाऊन आठ महिने झाले होते.

ज्यातून ती परत आलीच नाही त्या ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आईनं दिवसभर ओट्यापाशी उभं राहून एकोणीस डबे भरले होते. आपण नसलो की हा माणूस उपाशी बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस हा आकडा बारकीच्या लक्षात होता, कारण आईनं तो फोनवर तिला दोनदा ऐकवला होता. सगळे डबे स्टीलचे, प्रत्येकाच्या झाकणावर खिळ्यानं टोकरलेली फुली, म्हणजे शेजारीपाजारी गेले तरी ओळखू यावेत. आणि पुढच्या डब्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर आईच्या गोल अक्षरात दोन शब्द: "आधी हे". घरात लहानपणापासून हाच कायदा होता. ज्याच्यावर पट्टी तो डबा आधी संपवायचा, मग पट्टी पुढच्याला लावायची. दुसरा कायदा त्याहून कडक. वाफ निवल्याशिवाय कुठलाही डबा आत जायचा नाही. नाना घाईघाईत गरम पातेलं आत सरकवायला गेले की आई हातावर चापट मारायची. "फ्रिजला ताप आणता काय?"

एकोणीस डबे एकोणीस दिवस पुरतात. भाऊ फोनवर म्हणायचा, "असू दे गं. खानावळीतून आणत असतील आणि आईच्या डब्यात काढून घेत असतील. म्हातारं माणूस, मनाची समजूत घालतंय." बारकीलाही ते पटलं होतं. पटवून घेणं सोयीचं होतं, असंही म्हणा. तिचं घर बसनं तीन तासांवर, नोकरी, मुलीची परीक्षा. आठ महिन्यांत ती इथे फक्त दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा इस्पितळाच्या निरोपावरून.

आज सकाळी नऊ वाजता तिनं नानांना शेजारच्या काकांबरोबर केस कापायला पाठवलं. न्हाव्याकडे काकांच्या गप्पा सुरू झाल्या की दोन तासांची निश्चिंती. नाना दारात थबकले. परवाच्या आजारानं त्यांची मनगटं काडीसारखी झाली होती आणि पोट तेवढं तट्ट फुगलेलं होतं. हात तर पक्षाघातानंतर गेली तीन वर्षं थरथरतच होते, बटणंसुद्धा शेजारचे काकाच लावून देत.

"फ्रिजला हात लावू नकोस हं," ते म्हणाले. "आजचं जेवण आहे त्यात."

"बरं," बारकी म्हणाली, आणि दार लावून तिनं हातमोजे चढवले.

स्वयंपाकघर लहानसं. ओटा, त्याच्यावर मांडणी, खिडकीशी दोन खुर्च्यांचं टेबल. टेबलावर एक ताटली आणि एक चमचा, धुऊन पालथे घातलेले. बाकी भांड्यांवर धूळ होती. शेगडीच्या बटणांवरही धूळ होती. कोपऱ्यात फ्रिज घुरघुरत होता. तिनं आधी पिन काढली आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवली, म्हणजे चुकून कुणाचा हात लागायला नको. घुरघुर थांबली. मग आतून कुणी सावकाश घोट गिळावा तसा एक आवाज आला. बंद केल्यावर फ्रिज असा आवाज करतो, हे तिला माहीत होतं. आतल्या नळीतला गॅस स्थिरावतो, बाकी काही नाही.

तिनं दार उघडलं आणि मास्क असूनही तोंड फिरवलं.

आधी आंबट वास आला. त्याच्या मागून गोडसर, कुजक्या फळांच्या करंडीचा. आणि त्या दोन्हींच्या खाली तिसरा, ओलसर आणि कोमट, जो तिच्या ओळखीचा होता पण आठवेना. दाराचं रबर काळं आणि बुळबुळीत झालं होतं. काचेच्या कप्प्यांवरून काहीतरी तपकिरी ओघळून खालच्या भाजीच्या खणात साचलं होतं आणि त्यावर साय धरली होती. त्या सगळ्यात डबे मात्र ओळीनं मांडलेले. तिनं मोजले. एकोणीस.

पुढच्या डब्यावर पट्टी होती. आधी हे.

तिनं तो उचलला आणि तिच्या हातमोज्यातून ऊब लागली. डबा गरम होता. "कमाल आहे नानांची," ती स्वतःशीच पुटपुटली. सकाळी सकाळी खानावळवाल्याकडून काहीतरी आणून तसंच गरम गरम आत कोंबलेलं दिसतंय. आई असती तर चापट बसली असती. तिनं डबा ओट्यावर बाजूला ठेवला आणि मागचे अठरा काढायला घेतले.

पहिला उघडताना झाकण फुस्स करून उडालं. आत हिरवी-करडी लव, बोटभर उंच. दुसऱ्यात काळं पाणी आणि त्यात तरंगणारं काहीतरी, ज्याला पूर्वी भात म्हणत असावेत. तिसऱ्यातला रस्सा घट्ट होऊन डब्याच्या आकाराचा झाला होता आणि हलवला की थरथरत होता. चौथ्यावर तिला ओकारी आली, सिंकपाशी जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा आली. दवाखान्यात तिनं काय काय पाहिलं होतं, पण असली शिसारी तिला कधी आली नव्हती. सातव्या-आठव्या डब्यापाशी तिचे हात मंदावले. हे आईचंच होतं. खानावळीचं नव्हे. त्या दिवशी आईनं उभं राहून, पाठीला हात लावत केलेलं. आठ महिन्यांत अठरापैकी एकाही डब्याला नानांनी हात लावला नव्हता. ते रोज पट्टीचा डबा खात होते, आणि पट्टी कधी पुढे सरकलीच नव्हती.

मग त्या एका डब्यात रोज येतं कुठून?

खानावळीतून, तिनं स्वतःला दटावलं, आणि कामाला जुंपून घेतलं. बर्फ सुरीनं खरवडला तर नळी फुटते, म्हणून दार उघडं टाकून तो आपोआप सुटू दिला. गार काच एकदम गरम पाण्यात गेली तर तडकते, म्हणून कप्पे ओट्यावर टेकवून ठेवले. कोमट पाण्यात सोडा घालून तिनं आतल्या भिंती पुसल्या, एक चिंधी, दुसरी, पाचवी. रबराच्या घड्यांतून टूथब्रशनं काळी घाण उकरली. ती केसाळ होती आणि ब्रशला लोंबत होती. मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक चोंदलं होतं. तिनं त्यात तार घातली, तर आतून पांढरट, चिकट धागा निघाला. ओढला तसा येतच राहिला, हातभर झाला, आणि तुटला तेव्हा हातमोज्यावर आपोआप आखडून गोळा झाला. बारकीनं तो हातमोजाच काढून पिशवीत टाकला आणि दुसरा चढवला.

आता राहिला मागचा ट्रे. फ्रिजच्या पाठीशी, खाली कॉम्प्रेसरवर, एक उथळ ट्रे असतो. भोकातलं पाणी त्यात पडतं आणि उष्णतेनं वाळतं. लोक वर्षानुवर्षं त्याकडे बघत नाहीत. बारकी बघणाऱ्यांतली होती. फ्रिज पुढे ओढून, गुडघ्यांवर बसून, तिनं तो ट्रे बाहेर काढला.

पाणी नव्हतंच त्यात. कडेपर्यंत गुलाबीसर बुळबुळीत थर होता आणि त्यात कागद कालवलेले होते. तिनं टूथब्रशच्या मागच्या टोकानं एक वर उचलला. चिकटपट्टीचा तुकडा. दुसरा. तिसरा. शेकड्यांनी होते. वरचे तुकडे व्यवस्थित, आईच्या गोल अक्षरात: आधी हे. त्यांच्या खालच्यांवर वेलांटी उलट्या बाजूला वळलेली. आणखी खाली "हे"ची मात्रा अक्षराच्या पोटात घुसलेली. तळाशी तर अक्षरंच नव्हती, नुसत्या रेघा, एकावर एक, जोर देऊन काढलेल्या. बालवाडीतलं मूल गिरवतं तशा.

कुणीतरी शिकत होतं.

बारकी तशीच जमिनीवर बसली. नानांना पेन धरता येत नव्हतं. घरात दुसरं माणूस नव्हतं. ओट्यावर तो पट्टीचा डबा होता, आणि तो तिथे ठेवून आता सव्वा तास झाला होता. तिनं उठून त्याला पालथा हात लावला. अजून तितकाच गरम.

थर्मामीटर का आणला होता, ते आता कळलं असं तिला उगाच वाटून गेलं. तिनं झाकण काढलं आणि सुई आत खुपसली. आकडा सरकला आणि थांबला. सदतीस. तिनं काढून पुसून पुन्हा खुपसली. सदतीस. शेगडीवरून उतरवलेलं अन्न असं नसतं, ते तासाभरात निवतं. सदतीस जिवंत माणसाच्या अंगाचं असतं, ते तिला दवाखान्यात कुणी शिकवायची गरज नव्हती.

आत राखाडी-गुलाबी लगदा होता. ना शीत ओळखू येत होतं, ना भाजीचा तुकडा. वर फेसाची बारीक कड. तिनं चमच्यानं ढवळलं तेव्हा तारा सुटल्या, आणि तो तिसरा वास वर आला. आता तिला तो आठवला. सकाळी उठल्या उठल्या माणसाच्या तोंडाला येतो तो वास. लगद्यात एक वाटाणा अर्धवट राहून गेला होता, आणि त्याच्या सालीवर दातांची खूण होती. नीट बारीक करून ठेवलेलं होतं सगळं, नानांसारख्या दात नसलेल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून.

चावून ठेवलं होतं.

या खेपेला ती सिंकपर्यंत पोचू शकली नाही.

नाना आले तेव्हा ती फरशी पुसत होती. ते दारात उभे राहिले, उघड्या फ्रिजकडे बघितलं, काळ्या पिशव्यांकडे बघितलं. केस कापल्यामुळे त्यांची मान कोवळी दिसत होती.

"टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"नाना, तुम्ही हे... हे रोज खाता? बघितलंत कधी, काय आहे ते?"

"वास येतो थोडा."

"थोडा?" तिचा आवाज चढला. "आठ महिने! मरायचंय का तुम्हाला? हे आईचं नाहीये. आई असं करेल? आई कधीतरी गरम डबा फ्रिजमध्ये ठेवायची का, सांगा ना! निवल्याशिवाय आत जाऊ द्यायची? तुमच्या हातावर चापट मारायची ती!"

"हळू बोल," नाना म्हणाले.

"का हळू बोलू?"

"हळू बोल गं, बारके..." त्यांनी फ्रिजकडे पाहिलं नाही, पण बोलताना त्याच्याकडे पाठ करायचंही टाळलं. खुर्चीवर टेकले. थरथरते हात मांडीखाली दाबून धरले. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. डबा हातात घेतला आणि गरम लागला. तेव्हाच कळलं, की ही ती नव्हे. पन्नास वर्षं तिच्या हातचं खाल्लंय मी."

"मग?"

"मग काय... मी रिकामा डबा धुऊन ठेवायचो आणि संध्याकाळी तो भरलेला असायचा. कुणीतरी ठेवतंय ना माझ्यासाठी. तू नाही, दादा नाही... कुणीतरी. घास घशाखाली उतरत नसे गं सुरुवातीला. पण न खाता परत ठेवला, तर उद्या ठेवणार नाही अशी भीती वाटायची."

बारकीला रडू आलं आणि रागही आला, आणि त्या दोन्हींत आपली लाज वाटली ती वेगळीच. तिनं फरशी पुसायचा फडका बादलीत टाकला.

"चला माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता. मी ठेवीन तुमच्यासाठी. रोज."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तिनं हो धरलं.

एकोणीसच्या एकोणीस डबे, झाकणांसकट, तिनं दुहेरी पिशव्यांत बांधले. ट्रेसुद्धा त्यातच. कचऱ्याची गाडी दुपारी बारा वाजता येते, ती येईपर्यंत ती पिशव्या धरून रस्त्यावर उभी राहिली. गाडीच्या मागचा लोखंडी जबडा खाली आला आणि डब्यांचा करकर आवाज झाला. एक पिशवी फुटली, चेपलेल्या झाकणावरची फुली तिला क्षणभर दिसली आणि आत गेली. ड्रायव्हर नाक दाबून म्हणाला, "काय ताई, मढं बांधलंय की काय!" ती हसलीसुद्धा. घरात येऊन तिनं फ्रिज कोरडा केला, दार उघडं राहावं म्हणून मध्ये चिंधीचा बोळा घातला, पिन तशीच डोक्यावर ठेवली, आणि दोन वाजताच्या बसनं ती वडिलांना घेऊन निघाली. बसमध्ये नाना तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. ते किती हलके झाले होते, हे तिला तेव्हा कळलं.

घरी तिनं हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. मग मऊ भात शिजवला, समोर बसून भरवला. नानांनी चार घास खाल्ले. उरलेला भात तिनं ओट्यावर निवत ठेवला, आणि पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. आपला फ्रिज तिनं उघडून नीट पाहिला. पांढरा, कोरडा, सोड्याच्या वासाचा. तापमान चार. मुलीला तिनं बजावलं की आजोबांना बाहेरचं काही द्यायचं नाही. आणि कित्येक आठवड्यांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी तिला जाग आली ती चमच्याच्या आवाजानं. ऊन खिडकीतून आत आलं होतं. मुलगी आपल्या खोलीत झोपलेली. काल उरलेला भात नानांनी घेतलेला दिसतोय, भूक लागली हे बरं झालं, असं म्हणत ती स्वयंपाकघरात आली.

नाना टेबलाशी बसले होते. समोर स्टीलचा डबा. बाहेरून त्यावर थेंब जमलेले, फ्रिजमधून आत्ताच काढलेल्या भांड्यावर जमतात तसे. झाकण बाजूला पडलं होतं. त्यावर खिळ्यानं टोकरलेली फुली होती, आणि पट्टी. आधी हे. अक्षर इतकं आईचं होतं की बारकीचा हात आपोआप तिकडे गेला. डबा गार होता. अगदी गार.

नानांची हनुवटी ओली होती. त्यांनी तिच्याकडे वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान होतं.

"काल तू बोललीस ते बरं झालं," ते म्हणाले. "बघ, आज निवू देऊन ठेवलंय."

तिनं डबा ओढून घेतला. तळाला चमचाभर उरलं होतं, बाकी सगळं त्यांच्या पोटात गेलं होतं. तोच तोंडाचा वास तिच्या स्वयंपाकघरात पसरला. डॉक्टरांना फोन करायला हवा होता, आत्ता, ताबडतोब, पण तिचे पाय फ्रिजकडे वळले. तिनं दार उघडलं.

काचेचं भांडं जागच्या जागी होतं. भाताला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या पुढे, अगदी कडेला, हाताला चटकन लागेल असा दुसरा डबा ठेवला होता. त्यावरही पट्टी होती. तिच्यावर "आधी हे" नव्हतं. एकच शब्द होता, जोर देऊन, पुन्हा पुन्हा गिरवलेला. "बारकी". वेलांटी अजून उलट्या बाजूला वळलेली होती.